क्षयरोगाचा हिशेबनीस

मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या महापालिका दवाखान्यांत गेल्या पाव शतकात ज्यांनी क्षयरोगावर उपचार घेतले, त्यांना काही गोष्टी हमखास आठवतील. खोकला आठवडेच्या आठवडे हटत नाही म्हटल्यावर थुंकी आणण्यासाठी हाती दिलेली छोटी डबी, निदान होताच जिच्यात नाव चढायचे ती आडवी, असंख्य रकान्यांची नोंदवही, दोन महिन्यांनी पुन्हा थुंकीची तपासणी आणि गोळ्यांचा दिवस चुकलाच तर घर शोधत येणारा आरोग्यसेवक. सरकारी कामाचा रूक्ष पसारा वाटावा असेच हे सारे. परंतु ही पद्धत एका डॉक्टरने आफ्रिकेतील खेड्यापाड्यांत, फसलेले प्रयोग पुन्हा पुन्हा दुरुस्त करीत उभी केली होती. डॉ. कारेल स्टिब्लो हे त्यांचे नाव. आधुनिक क्षयनियंत्रणाचे जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांना ओळखते.

त्याच नोंदवहीत पुढे आणखी एक रकाना वाढला, एचआयव्ही चाचणीचा. तो येण्यास जवळपास वीस वर्षे लागली आणि तेवढ्या काळात असंख्य रुग्ण दोन दवाखान्यांच्या दोन दारांमध्ये हरवले. हा विलंब का झाला, याचे काहीसे उत्तर स्टिब्लो यांच्या कार्यात मिळते. आणि तो टाळण्याचा मार्गही त्याच कार्यात होता, हे विशेष.

स्टिब्लो यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२१ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील विलेमोव्ह या गावी झाला. ते ऐन तारुण्यात पदार्पण करीत असतानाच १९३९ मध्ये नाझींनी त्यांचा देश गिळंकृत केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चेक विद्यापीठांना टाळे ठोकले. स्टिब्लो यांच्या वाट्याला ऑस्ट्रियातील माउटहाउझेनची छळछावणी आली. दगडाच्या खाणीत राबवून आणि उपाशी ठेवून माणसे संपविण्याबद्दल कुख्यात असलेल्या या छावणीतून ते जिवंत बाहेर पडले, पण सोबत क्षयाचा जंतू घेऊन. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध असलेल्या स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३-४४ मधला. युरोपातल्या सामान्य रुग्णापर्यंत ते पोहोचायला आणखी काही वर्षे जायची होती. ज्या रोगाने शेजारच्या फळ्यांवर निजलेली माणसे नेली, त्याच रोगाचा अभ्यास पुढे या तरुणाने आयुष्यभर केला. युद्धानंतर त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि प्रागमधील क्षयरोग संशोधन संस्थेत ते दाखल झाले.

त्या काळी क्षयनियंत्रण म्हणजे सामूहिक एक्स-रे, अशीच युरोपभर समजूत होती. एक्स-रे यंत्रे बसविलेल्या मोटारी गावोगाव फिरत आणि धडधाकट माणसांच्याही छातीचे फोटो काढत. या खर्चीक खटाटोपातून प्रत्यक्षात काय निष्पन्न होते, हे कोणी नेटके तपासले नव्हते. प्रागच्या पूर्वेस असलेल्या कोलिन जिल्ह्यात स्टिब्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ते काम हाती घेतले. सुमारे एक लाख वस्तीच्या या जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक प्रौढाची तपासणी आणि प्रत्येक क्षयरुग्णाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा अशी त्याची आखणी होती. पहिल्या चार वर्षांचा अहवाल १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष अनेकांना अडचणीत टाकणारे होते. ज्यांच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात, ज्यांना आपल्याकडे थुंकीदूषित रुग्ण म्हणतात, तेच रोगाचे मुख्य फैलावकर्ते असतात. असे रुग्ण एक्स-रेच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात, अल्पावधीत तयार होतात आणि त्यांच्यातले बरेचसे खोकला, ताप, थुंकीतून रक्त अशा तक्रारी घेऊन स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे येतात. म्हणजे रुग्णाला हुडकत गावभर फिरण्यापेक्षा तो दारात येतो तेव्हा त्याच्याकडे नीट लक्ष देणे अधिक मोलाचे. गंमत अशी की, साधारण त्याच सुमारास बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांच्या पाहणीतूनही हेच सत्य समोर येत होते. खेड्यातला क्षयरुग्ण आपणहून आरोग्य केंद्रात जातो आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत येतो. एका बाजूला कोलिन, दुसऱ्या बाजूला कर्नाटकातील खेडी. आणि दोष दोन्हीकडे सारखाच. पुढे १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सरसकट एक्स-रे मोहिमा बंद करण्याचा सल्ला दिला.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टिब्लो नेदरलँड्समधील हेग शहरी आले आणि तिथेच स्थिरावले. तेथील क्षयरोग संघटनेच्या आश्रयाने चालणाऱ्या संशोधन गटात त्यांनी आकडेमोडीचे जे काम केले, ते क्षयाच्या साथशास्त्राचा पाया मानले जाते. क्षयाचे रुग्ण मोजणे कठीण. त्यासाठी दवाखाने, प्रयोगशाळा, नोंदी सारेच धड असावे लागते. पण लहान मुलांच्या हातावर ट्यूबरक्युलिनची चाचणी करून त्यांना जंतुसंसर्ग झाला आहे की नाही, हे सहज कळते. दरवर्षी किती टक्के मुले नव्याने संसर्गित होतात, ही एकच संख्या त्या समाजातील क्षयाची खरी नाडी होय, असे त्यांनी दाखवून दिले. इयान सदरलँड आणि मेयर या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६९ मध्ये नेदरलँड्सचा इतिहास उलगडला. औषधे येण्यापूर्वीही तेथील संसर्गाचा धोका वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी कमी होत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हा वेग १३-१४ टक्क्यांवर गेला. रुग्णांना लवकर शोधून पूर्ण बरे केले की साथ किती झपाट्याने ओसरते, याचे हे गणिती प्रमाण होते.

प्रश्न होता तो गरीब देशांचा. औषधे असूनही तेथे साथ हलत नव्हती. १९७७ मध्ये टांझानियाच्या शासनाने आंतरराष्ट्रीय क्षयरोगविरोधी संघाच्या मदतीने राष्ट्रीय कार्यक्रम आखावयास घेतला, तेव्हा स्टिब्लो पंचावन्न वर्षांचे होते. ज्या वयात युरोपीय प्राध्यापक निवृत्तीची भाषा बोलू लागतात, त्या वयात त्यांनी जीपमधून टांझानियाचे जिल्हे पालथे घालायला सुरुवात केली. १९७९ पासून दशकभराहून अधिक काळ या संघाचे वैज्ञानिक संचालकपदही त्यांच्याकडे होते.

टांझानिया निवडण्यामागे कारण होते. ज्यूलियस न्येरेरे यांच्या राजवटीत देश गरीब असला, तरी खेड्यांपर्यंत साध्या दवाखान्यांचे जाळे विणले गेले होते. क्षयासाठी निराळी रुग्णालये उभारण्याऐवजी स्टिब्लो यांनी याच दवाखान्यांचा आधार घेतला. साधारण एक ते दीड लाख वस्तीचा जिल्हा हे एकक धरावयाचे. तेथे एक चालू सूक्ष्मदर्शक, तो वापरता येणारा एक तंत्रज्ञ, औषधांचा अखंड साठा आणि एक समन्वयक. हा समन्वयक गाडी किंवा मोटारसायकल घेऊन प्रत्येक दवाखान्यात जाणार, गोळ्या मोजणार, नोंदवही तपासणार. दर तिमाहीला जिल्ह्यातून एक कागद वर जाणार. नऊ महिने-वर्षापूर्वी नाव नोंदलेल्या रुग्णांच्या तुकडीचे आज काय झाले, हे त्यावर लिहिलेले असणार: किती बरे झाले, किती दगावले, किती उपचार सोडून गेले, किती जणांच्या थुंकीत अजूनही जंतू आहेत, किती दुसरीकडे गेले. प्रत्येक रुग्ण या पाचांपैकी एका रकान्यात पडलाच पाहिजे. कोणालाही हिशेबाबाहेर राहण्याची मुभा नाही.

या समन्वयकाकडे आणखी एक जबाबदारी होती आणि पुढच्या कथेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. तो क्षयाबरोबर कुष्ठरोगाचेही काम पाहत असे. कार्यक्रमाचे नावच मुळी राष्ट्रीय क्षयरोग व कुष्ठरोग कार्यक्रम असे होते. दोन्ही रोग चिवट, दोन्हींचे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते, दोन्हींना लोक लपवतात. मग एका खेड्यात एकाच दवाखान्यासाठी दोन माणसे, दोन गाड्या, दोन नोंदवह्या कशाला, असा हा व्यवहारी विचार होता. आज आरोग्यसेवांच्या एकात्मीकरणाबद्दल जाडजूड अहवाल निघतात. टांझानियातील जिल्हा समन्वयक ते एकात्मीकरण मोटारसायकलच्या मागच्या पेटीत बांधून हिंडत होता.

सुरुवातीची वर्षे मात्र निराशेची गेली. स्वस्त औषधांचा बारा महिन्यांचा उपचार रुग्णांच्याने पुरा होईना आणि निम्मेही बरे होईनात. एखाद्याने हे आकडे कपाटात बंद केले असते. स्टिब्लो यांची सारी पद्धतच आकडे लपू न देण्याची असल्याने अपयश दर तिमाहीला डोळ्यांसमोर येत राहिले. अखेर १९८२ पासून आठ महिन्यांचा नवा उपचार हळूहळू लागू झाला. पहिले दोन महिने रिफाम्पिसिनसह चार औषधे, तीही आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत आणि बहुधा रुग्णालयात ठेवून; पुढचे सहा महिने आयसोनियाझिड आणि थायासिटाझोनची जोडगोळी, घरी. रिफाम्पिसिन तेव्हा महाग होते आणि गरीब देशांनी या श्रीमंती औषधाच्या नादी लागू नये, असे म्हणणारे तज्ज्ञ कमी नव्हते. पण औषध डोळ्यांसमोर घेतले गेले की ते बाजारात विकले जात नाही आणि जंतूही त्याला सरावत नाही, हा स्टिब्लो यांचा हिशेब खरा ठरला. बरे होणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेले. हीच पद्धत मलावी, मोझांबिक, बेनिन, निकाराग्वा येथे नेण्यात आली. यांपैकी मोझांबिक आणि निकाराग्वा त्या वेळी यादवी युद्धात होरपळत होते, तरीही ती टिकली.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. अर्धवट उपचार हे उपचार नसण्यापेक्षाही वाईट, असे स्टिब्लो मानत. उपचाराविना थुंकीदूषित रुग्णांपैकी बरेच जण काही वर्षांत दगावतात. अर्धवट औषधाने ते जगतात, पण जंतू पसरवीत. म्हणून आधी बरे करण्याचे प्रमाण वाढवा, मग रुग्ण शोधण्यासाठी धावा, हा त्यांचा क्रम. ऐकायला निष्ठुर वाटतो. आकड्यांनी तो खरा होता.

याच सुमारास टांझानियाच्या वायव्येला, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या कागेरा भागात १९८३ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण आढळले. त्यानंतरच्या काही वर्षांत उतरणीला लागायला हवी ती क्षयरुग्णांची संख्या चढू लागली. १९९०च्या सुमारास ती दशकापूर्वीच्या जवळपास दुप्पट झाली होती आणि १९९१-९३ च्या पाहणीत टांझानियातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश एचआयव्हीबाधित निघाले. कारण आता सर्वज्ञात आहे. क्षयाचा जंतू कोट्यवधी लोकांच्या शरीरात निद्रिस्त असतो आणि निरोगी माणसात तो जागा होण्याची शक्यता आयुष्यभरात मिळून ५ ते १० टक्के. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पोखरली की तेवढाच धोका दरवर्षी संभवतो.

स्टिब्लो यांनी मांडलेली गणिते या आघाताने हलली. दरवर्षीच्या संसर्गाचा धोका १ टक्का असेल, तर दर लाख लोकसंख्येत वर्षाला सुमारे ५० नवे थुंकीदूषित रुग्ण, हा त्यांचा १९८५ मधील प्रसिद्ध नियम. एचआयव्हीच्या काळात तो लागू पडेनासा झाला. त्याहून गंभीर बाब दवाखान्यातली होती. साऱ्या पद्धतीचा कणा म्हणजे सूक्ष्मदर्शक. पण ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्याच्या फुप्फुसात पोकळ्या नीट तयार होत नाहीत, थुंकीत जंतू कमी येतात, कधी रोग फुप्फुसाबाहेर लसिकाग्रंथींत किंवा मेंदूच्या आवरणात असतो. सर्वाधिक धोक्यात असलेल्या रुग्णालाच सूक्ष्मदर्शक निर्दोष ठरवू लागला. त्यातच थायासिटाझोनचे संकट आले. हे स्वस्त औषध एचआयव्हीबाधितांच्या अंगावर कातडी सोलून निघावी असे भयंकर, प्रसंगी प्राणघातक चट्टे उठवते, हे केनियातील डॉक्टरांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. ज्या जोडगोळीवर आफ्रिकेतील कार्यक्रमांचे अर्थकारण उभे होते, तीच बदलण्याची वेळ आली. तिच्या जागी महाग इथॅम्ब्युटॉल आणावे लागले. आणि हे सुरक्षितपणे करायचे, तर कोणता रुग्ण एचआयव्हीबाधित आहे हे क्षयाच्या दवाखान्याला ठाऊक असणे आवश्यक होते. ते विचारण्याचा रकाना नोंदवहीत नव्हता.

स्टिब्लो यांनी या संकटाकडे डोळेझाक केली, असे मुळीच नव्हे. एचआयव्हीमुळे जगातील क्षयाचे चित्र कसे पालटेल, याचा अंदाज त्यांनी १९९१ मध्येच मांडला होता. त्यांचा निष्कर्ष असा की, एचआयव्ही असो वा नसो, क्षयरुग्णाला शोधून बरे करणे हेच पहिले कर्तव्य. टांझानियाच्या शाळकरी मुलांच्या ट्यूबरक्युलिन पाहण्यांनी त्याला पुढे पुष्टीही दिली. १९८३ ते १९९८ या काळात रुग्ण इतके वाढूनही मुलांमधील नव्या संसर्गाचे प्रमाण वाढले नाही; उलट किंचित कमीच झाले. बाधित माणसे आजारी पडत होती, पण लवकर बरी होत असल्याने रोग पुढे पसरत नव्हता. एड्सच्या लाटेसमोर एखादा कार्यक्रम इतका टिकाव धरतो, ही सामान्य कामगिरी नव्हे. तरीही हे उत्तर अर्धेच होते. क्षय बरा झालेला माणूस वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्या संसर्गाने दगावत असे, आणि नोंदवहीत मात्र तो बरा झालेल्यांच्या रकान्यात कायम राही. त्या वेळी एचआयव्हीवर प्रभावी औषधेच नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे स्टिब्लो यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. औषधे आल्यानंतरही हा अर्धेपणा पुढे चालू राहिला, त्याचे माप मात्र नंतरच्यांच्या पदरी घातले पाहिजे.

इकडे जगाचे डोळे उघडत होते. १९८०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेतील क्षयरोग विभागात बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरली होती. ख्रिस्तोफर मरे, अ‍ॅनिक रुइयाँ आणि स्टिब्लो यांनी टांझानियादी देशांच्या हिशेबांवरून दाखवले की, क्षयोपचार हा आरोग्यातील सर्वांत स्वस्त सौद्यांपैकी एक आहे. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने तर निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचविण्याचा खर्च १ ते ३ डॉलर इतकाच लावला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. क्षयाचा रोग खुद्द न्यूयॉर्कमध्ये उसळला होता. १९७८ ते १९९२ या काळात तेथील रुग्ण जवळपास तिपटीने वाढले आणि त्यांत एचआयव्हीबाधितांचा भरणा मोठा होता. हार्लेममधील एका पाहणीत उपचार देऊन घरी पाठविलेल्या १७८ रुग्णांपैकी ८९ टक्के पुन्हा फिरकलेच नव्हते.

न्यूयॉर्कच्या क्षयनियंत्रणाचे तरुण प्रमुख थॉमस फ्रीडन यांनी स्टिब्लो यांना शहरात बोलावले. पाहुण्यांनी सारे फिरून पाहिले आणि शेवटी एवढेच विचारले की, गेल्या वर्षी शोधलेल्या ३,८११ रुग्णांपैकी बरे किती झाले? श्रीमंत शहराच्या अधिकाऱ्याजवळ उत्तर नव्हते, आणि टांझानियाच्या जिल्हा समन्वयकाजवळ ते होते. फ्रीडन यांनी ही शरम मनाला लावून घेतली. शहरातील प्रत्येक रुग्णाचा हिशेब घेणाऱ्या बैठका सुरू झाल्या आणि साथ ओसरली. हेच फ्रीडन १९९६ मध्ये भारतात आले आणि सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या उभारणीत सहा वर्षे राबले.

भारतात राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून होताच. सर्वसाधारण दवाखान्यांतूनच क्षयाचा उपचार व्हावा, ही त्याची मूळ कल्पनाही स्टिब्लो यांच्या विचाराशी जुळणारी. पण देखरेख आणि औषधे दोन्ही तोकडी पडली. १९९२ च्या आढाव्यात उपचार पूर्ण करणारे ३० टक्केही नसल्याचे उघड झाले. त्यानंतर १९९३ मध्ये महाराष्ट्र, गुजरात, दिल्ली, केरळ आणि पश्चिम बंगालमधील पाच ठिकाणी, एकूण साडेतेवीस लाख वस्तीत नवी पद्धत आजमावली गेली आणि मार्च २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. टांझानियातील नोंदवही अशा रीतीने महापालिकेच्या दवाखान्यात आली.

१९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीला डॉट्स हे सुटसुटीत नाव दिले. नाव गाजले, पण नावामुळे डोळ्यांदेखत गोळी गिळवणे एवढाच तिचा अर्थ अनेकांच्या मनात रुजला. पाच कलमांत ती बसवताना कुष्ठरोगाशी घातलेली सांगड, एका दवाखान्यात एका माणसाने दोन रोग पाहण्याची ती साधी युक्ती, मागे राहून गेली.

कारेल स्टिब्लो यांचे १३ मार्च १९९८ रोजी हेगमध्ये निधन झाले. एचआयव्हीवरील संयुक्त औषधोपचार श्रीमंत देशांत तेव्हा नुकता रुळत होता. आफ्रिका-आशियात तो २००३-०४ नंतर पोहोचला, तो मोठ्या परदेशी निधीसह आणि स्वतःच्या निराळ्या इमारती, निराळे कर्मचारी, निराळ्या नोंदवह्या घेऊन. क्षयाचा दवाखाना एका टोकाला, एचआयव्हीचा दुसऱ्या. एकीकडून दुसरीकडे चिठ्ठी घेऊन निघालेला अशक्त, ताप भरलेला रुग्ण दुसऱ्या दारापर्यंत पोहोचला की नाही, हे दोन्हीकडे कोणाला ठाऊक नसे. औषधांचाही मेळ घालावा लागे. रिफाम्पिसिन एचआयव्हीच्या काही औषधांचा रक्तातील अंश घटवते, म्हणून दोन्ही उपचार लिहिणाऱ्या डॉक्टरांनी एकमेकांची चिठ्ठी पाहणे अत्यावश्यक. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही कार्यक्रमांनी हातात हात घालावेत, असे धोरण आखले. त्या वर्षी जगातील क्षयरुग्णांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांची एचआयव्ही तपासणी होत होती.

एकत्र आणण्यातही धोका होता, हे दक्षिण आफ्रिकेतील तुगेला फेरी या गावाने दाखवले. औषधांना जवळपास मुळीच दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रुग्ण तेथे सापडले आणि त्यांतील ५२ दगावले. ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली ते ४४ जण सर्वच्या सर्व बाधित होते. २००६ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा रुग्णालयातील कोंदट कक्षांत हा जंतू पसरल्याचे दिसून आले. एका छताखाली आणायचे, पण एका कोंडलेल्या हवेत नव्हे. खिडक्या उघड्या हव्यात, खोकणाऱ्याला आधी वेगळे बसवायला हवे. दुसरीकडे डर्बनमध्ये सलीम अब्दुल करीम आणि सहकाऱ्यांच्या चाचणीने २०१० मध्ये सिद्ध केले की, क्षयाचा उपचार चालू असतानाच एचआयव्हीची औषधे सुरू केल्यास, क्षय संपेपर्यंत थांबण्याच्या तुलनेत मृत्यू ५६ टक्क्यांनी घटतात. आधी हा रोग बरा करा, मग तो बघू, या सोयीच्या सबबीला त्यानंतर जागा उरली नाही. सूक्ष्मदर्शकाच्या अंधत्वावरही २०१० मध्येच मान्यता मिळालेल्या जनुकीय चाचणीने बराच उतारा दिला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. एचआयव्हीचे प्रमाण अधिक असलेल्या ज्या सहा राज्यांत २००१ मध्ये क्षय आणि एचआयव्ही कार्यक्रमांच्या समन्वयाला सुरुवात झाली, त्यांत महाराष्ट्र होता. १ एप्रिल २००४ रोजी देशात मोफत एचआयव्ही औषधे सुरू झाली, ती आठ सरकारी रुग्णालयांत, मुंबईचे जे. जे. त्यांपैकी एक. प्रत्येक क्षयरुग्णाला एचआयव्ही चाचणी देऊ करण्याची व्यवस्था २०१२ पर्यंत देशभर लागू झाली. त्यानंतरही बाधित रुग्णाला क्षयाच्या गोळ्यांसाठी एका केंद्रावर आणि एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी दुसऱ्या केंद्रावर खेटे घालावे लागत. रोजंदारी बुडवून दोन रांगा लावणे ज्याला जमत नसे, तो बहुधा एक रांग सोडून देई. एआरटी केंद्रातूनच दोन्ही औषधे देण्याची एक खिडकी पद्धत आली ती २०१६-१७ च्या सुमारास. टांझानियानेही २००० नंतरच्या दशकात हाच मार्ग धरला आणि तेथे हे काम आपसूकच जिल्ह्याच्या जुन्या समन्वयकाकडे गेले. क्षय आणि कुष्ठरोग त्याच्याकडे होतेच. आता त्याच नोंदवहीत एचआयव्ही चाचणीचा निकाल आणि औषध सुरू झाल्याची तारीख, असे रकाने वाढले.

२०२२ पर्यंत जगातील सुमारे ८० टक्के क्षयरुग्णांच्या नावापुढे हा निकाल लिहिला जाऊ लागला होता. २०२३ मध्ये क्षयाने मृत्यू पावलेल्या एचआयव्हीबाधितांची संख्या मात्र १ लाख ६१ हजार होती.